भूल उतरल्यावर अर्ध्या तासात अंग कडक, ताप १०४. भावाला नेमकं काय झालं होतं?

पूर्णाकाठ, जिंतूर

राम राम. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. विचारायचंय ते धाकट्या भावाबद्दल. वय २३, वजन साधारण ६० किलो, शेती करतो, तब्येतीनं खणखणीत.

मे महिन्यात त्याचं पोट दुखायला लागलं. परभणीच्या एका खासगी दवाखान्यात अपेंडिक्स निघालं, दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. पूर्ण भूल होती. तासाभरात उरकलं, नळी काढली, भाऊ डोळे उघडून माझ्याशी दोन शब्द बोललासुद्धा. मग बाजूच्या खोलीत आणून ठेवला. तिथं अर्धा तास झाला नसेल, त्याला थंडी वाजल्यासारखं होऊ लागलं. सिस्टरनी पांघरूण घातलं. पण हात लावला तर अंग थंड नव्हतं, तापलेलं होतं. पाय सरळ करायला गेलो, गुडघा हलेना. जबडा घट्ट. श्वास भराभर, नाडी १५०. ताप आधी १००, बघता बघता १०४. छातीवर लाल-निळे चट्टे. लघवीच्या पिशवीत तपकिरी-काळी लघवी.

कुणी म्हणालं ऊन लागलंय, कारण त्या दिवशी बाहेर ४३ अंश होतं. कुणी म्हणालं अपेंडिक्समधला पू रक्तात गेला. तिथल्या भूलतज्ज्ञांनी मात्र लगेच रक्त तपासायला घेतलं, परत नळी टाकली, बर्फ मागवला आणि थोडं स्थिर झाल्यावर व्हेंटिलेटरवरच नांदेडला आयसीयूत हलवलं. नळी टाकायच्या आधीच्या एबीजीत, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत, पीएच ७.१२ आणि कार्बन डायऑक्साइड ७८ आहे. पोटॅशियम ६.४. स्नायू फुटले की रक्तात वाढतं ते सीपीके दुसऱ्या दिवशी ३८,०००. डायलिसिस करावं लागलं. आता तो घरी आहे, लघवी चांगली होते, फक्त मांड्यांत जोर नाही म्हणतो.

डिस्चार्ज कार्डावर 'मॅलिग्नंट हायपरथर्मियाची शंका' असं लिहिलंय. नांदेडच्या डॉक्टरांनी एका औषधाचं नाव सांगितलं, डँट्रोलीन. म्हणाले ते मिळालं असतं तर द्यायचं होतं.

माझे प्रश्न असे. हा आजार ऑपरेशन चालू असतानाच होतो असं वाचलं. भावाला तर बाहेर आणल्यावर झालं, मग हाच का? लहानपणी हात मोडला तेव्हाही त्याला पूर्ण भूल दिली होती, तेव्हा काहीच झालं नव्हतं, ते कसं? आणि सगळ्यात मोठी काळजी ही, की माझ्या सहा वर्षांच्या लेकराला हर्नियाचं ऑपरेशन सांगितलंय आणि बहीण सात महिन्यांची गरोदर आहे. त्यांना भूल द्यायची का नाही?

भूलतज्ज्ञ, लातूर

गुरुजी, तुम्ही आकडे जपून ठेवलेत म्हणून नीट बोलता येतं. लातूर, औसा, निलंगा, उदगीर अशा लहान-मोठ्या दवाखान्यांत मी भूल देत फिरते आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडं लांबेल.

आधी हा आजार काय ते. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम एका पिशवीत बंद असतं. स्नायूला आखडायचं असलं की पिशवीचं दार उघडतं आणि लगेच मिटतं. हे दार बहुतेक करून आरवायआर१ या जनुकाच्या हुकमानं बनतं. काही घराण्यांत त्या जनुकात बदल असतो. एरवी त्या माणसाला कळतही नाही. पण हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन, डेसफ्लुरेन यांपैकी भुलीचा वायू किंवा नळी टाकायला देतात ते सक्सिनिलकोलीन, म्हणजे आम्ही स्कोलीन म्हणतो ते, अंगात गेलं की दार उघडंच राहतं. येलदरी धरणाची दारं उघडून कुणी बंदच करू नयेत तसं. स्नायू आखडलेलेच राहतात, प्राणवायू खात सुटतात, कार्बन डायऑक्साइड, आम्ल आणि उष्णता ओततात. शेवटी पेशी फुटतात. त्यातलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं आणि मायोग्लोबिन हे स्नायूतलं प्रथिन मूत्रपिंडात अडकतं. तपकिरी लघवी ती हीच.

आता तुमचा पहिला प्रश्न. हो, बाहेर आणल्यावरही होतो, पण क्वचित. उत्तर अमेरिकेत अशा रुग्णांची नोंदवही ठेवतात. तिच्यातल्या ५२८ रुग्णांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर सुरू झालेले त्यात फक्त १० निघाले, आणि त्या सगळ्यांना वायू बंद केल्यापासून ४० मिनिटांच्या आत सुरू झालं होतं. हे ४० मिनिटांचं लक्षात राहू द्या. भावाचा अर्धा तास त्यात बसतो. आणि याच कारणानं दुसऱ्या दिवशी नुसता ताप आलेल्या प्रत्येक रुग्णाला ही चिठ्ठी चिकटवायची नसते. त्याचं कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं.

उशीर का होतो? स्कोलीन सोडून दुसऱ्या गटातली स्नायू सैल करणारी औषधं चालू असतील किंवा थिएटरच्या एसीत अंग गार पडलं असेल तर सुरुवात लांबते. हल्लीचे वायूही जुन्या हॅलोथेनपेक्षा सावकाश चेतवतात.

बाहेर सुरू झालं की ओळखणं अवघड जातं, आणि हे मला सगळ्या सहकाऱ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं. टेबलावर नळी असते, बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ असतो, आणि या आजाराची पहिली हाक तिथंच ऐकू येते. श्वास वाढवून दिला तरी कार्बन डायऑक्साइड चढतच राहतो. ताप कधी लवकर येतो, कधी मागून. नळी काढली की हा खबऱ्याच गेला. उरतं काय? मोजलेला श्वास, नाडी, आणि आपला हात. मिनिटाला श्वास ३५ आणि ऑक्सिजनचा आकडा मात्र ९८ दिसतोय, म्हणून कुणी घाबरत नाही. घाबरलं पाहिजे. इतक्या जोरात श्वास घेऊनही तुमच्या भावाचा कार्बन डायऑक्साइड ७८ होता, याचा अर्थ स्नायू तो भयंकर वेगानं बनवत होते.

लहानपणची भूल सुखरूप गेली म्हणून हा आजार नाही, असं म्हणता येत नाही. असे रुग्ण सरासरी दोन वेळा भुलीतून नीट बाहेर येतात आणि तिसऱ्या वेळी सापडतात. शिवाय तेव्हा नेमकं कोणतं औषध दिलं होतं हे कुणाला माहीत?

माळावरचा डॉक्टर, बीड

मॅडमचं म्हणणं पटतं, पण घाईनं शिक्का मारू नये. आमच्याकडं मे महिन्यात उष्माघातानंही सीपीके वाढतं, ताप १०५ जातो. फुटलेल्या अपेंडिक्सनं सेप्सिस होतो, म्हणजे संसर्ग अंगभर भिनतो. दुर्बिणीत पोटात कार्बन डायऑक्साइडच भरतात, तो रक्तात चढतो. थायरॉइडचं वादळ म्हणजे त्या ग्रंथीचा रस एकदम उसळणं, ट्रॅमाडॉल आणि मानसिक आजाराच्या गोळ्या एकत्र झाल्यावर येणारा सेरोटोनिनचा त्रास, रक्त चढवताना आलेली रिअ‍ॅक्शन, सगळ्यांत ताप आणि धडधड असते. एकदा हा शिक्का बसला की सगळं घराणं जन्मभर भुलीला भितं.

भूलतज्ज्ञ, लातूर

डॉक्टर, प्रश्न रास्त आहे आणि म्हणूनच १९९४ मध्ये यासाठी गुणांची पद्धत बसवली गेली. सर्वांग कडक, १५. स्कोलीन दिल्यावर सीपीके २०,००० च्या वर, १५. स्वतः श्वास घेणाऱ्या रुग्णात धमनीतला कार्बन डायऑक्साइड ६५ च्या वर, १५. ताप अवाजवी वेगानं चढला, १५. हेच ६० झाले. आम्ल आणि नाडीचे गुण अजून धरलेच नाहीत. ५० आणि पुढं म्हणजे 'जवळजवळ नक्की'. गुरुजींनी भुलीच्या कागदावर स्कोलीन आणि वायूचं नाव आहे का ते तेवढं बघावं. अपेंडिक्सला पोट भरलेलं धरून पटकन नळी टाकतात, त्यामुळं स्कोलीन असण्याची शक्यता बरीच.

उष्माघाताचं म्हणाल तर हा मुलगा तासभर थंड थिएटरात निजलेला होता. पोटात भरलेला वायू अर्ध्या तासात निघून जातो, वाढत नाही, आणि त्यानं गुडघा कडक होत नाही. सेप्सिसनं ताप येईल, पण सीपीके ३८,००० कुठून येणार?

आणि संशयाच्या घडीला शिक्का नक्की व्हायची वाट पाहायची नसते. सीपीके तर सुरुवातीला साधं येऊ शकतं, ते चढायला कित्येक तास जातात. त्या क्षणी एबीजी आणि पोटॅशियम पाठवायचं आणि हात चालवायचे. जे वाचक भूल देतात त्यांच्यासाठी लिहिते. वायू चालू असेल तर बंद, व्हेपोरायझर, म्हणजे मशीनवरचा भुलीच्या वायूचा डबा, उतरवा. मशीन बदलण्यात वेळ घालवू नका. १०० टक्के ऑक्सिजन, मिनिटाला १० लिटरच्या वर, आणि श्वास नेहमीच्या दुप्पट-तिप्पट. भूल चालू ठेवायची असली तर प्रोपोफॉलवर. नळी टाकताना पुन्हा स्कोलीन मुळीच नाही. सलाईन फ्रिजमधलं, बर्फ काखेत आणि जांघेत, पण ताप १०१ पर्यंत उतरला की थंड करणं थांबवा, नाहीतर अंग फार गार पडतं. पोटॅशियमसाठी कॅल्शियम, ग्लुकोज-इन्सुलिन, सोडा बायकार्ब. लघवी ताशी किलोमागं निदान १ मिलिलिटर राहिली पाहिजे. ठोके चुकले तर व्हेरापामिल किंवा डिल्टिआझेम देऊ नका, डँट्रोलीनबरोबर ते पोटॅशियम चढवून हृदय थांबवू शकतात.

आणि डँट्रोलीन. कॅल्शियमचं ते दार मिटवणारं हेच एक औषध आहे. ते येण्याआधी या आजारात १०० पैकी ७०-८० दगावायचे, आता जिथं ते वेळेवर मिळतं तिथं हे प्रमाण १० च्या आत आहे. किलोमागं २.५ मिलिग्रॅम, पटापट शिरेतून, आणि उतार पडेपर्यंत पुन्हा पुन्हा, एकूण १० मिलिग्रॅमपर्यंत, प्रसंगी त्याच्याही वर. गुरुजींच्या भावाला पहिलाच डोस १५० मिलिग्रॅम झाला असता. जुनी कुपी २० मिलिग्रॅमची असते, म्हणजे ८ कुप्या. एकेका कुपीत ६० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घालून हलवत बसावं लागतं, सलाईन किंवा ग्लुकोज चालत नाही, आणि ती पावडर विरघळायला जीव खाते. एकट्या माणसाचं ते काम नाही. वॉर्डबॉय, सिस्टर, सर्जन, जो असेल त्याच्या हातात कुपी द्यायची. उतार पडला तरी संपलं नाही. २० ते २५ टक्के रुग्णांत ते परत उसळतं, म्हणून निदान २४ तास आयसीयू आणि दर ४ ते ६ तासांनी किलोमागं १ मिलिग्रॅम चालू ठेवायचं.

जाणकारांच्या शिफारशीत ३६ कुप्या हाताशी ठेवा असं म्हटलंय. मी जिथं जिथं भूल द्यायला जाते तिथल्या एकाही कपाटात एकही नाही. वीस खाटांच्या दवाखान्यानं क्वचित लागणारं महाग औषध आणून मुदत संपल्यावर फेकून द्यावं, अशी अपेक्षा मी करत नाही. पण छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. भूलतज्ज्ञांच्या शहर शाखांनी मिळून साठा कुठं आहे त्याची एक यादी आणि रात्री उचलला जाणारा एक फोन नंबर ठेवला तर किती जीव तगतील! ऑपरेशन अर्ध्यात असताना हे शोधायची पाळी कुणावर येऊ नये, याच्यासाठी मी प्रत्येक बैठकीत हे बोलते आणि बोलत राहणार.

रिकव्हरी सिस्टर, नांदेड

थंडी आणि कडकपणा यातला फरक मी नव्या मुलींना हात लावून शिकवते, तो इथं लिहिते. भुलीनंतर हुडहुडी भरणारे पेशंट रोज येतात. त्यांचं अंग गार असतं, तापमान ९५-९६ असतं, थरथर येते आणि जाते, पांघरूण घातलं की दहा मिनिटांत शांत होतात. हात धरून कोपर वाकवला तर वाकतो. ज्याचा कोपर वाकत नाही, काख गरम आहे, घाम आहे आणि श्वास जोरात आहे, त्याच्यावर पांघरूण टाकायचं नाही. आधी थर्मामीटर लावायचा, मग भूलतज्ज्ञांना हाक मारायची, आणि हाक मारताना 'पेशंट कसंतरी करतोय' असं नाही सांगायचं. 'श्वास ३६, नाडी १५०, ताप १०२, गुडघा वाकत नाही' असं आकड्यांत सांगायचं. आकडे ऐकले की डॉक्टर धावत येतात.

आमच्याकडं रिकव्हरीत दर पाच मिनिटांनी श्वास घड्याळ लावून मोजतो. मॉनिटरवर श्वासाचा जो आकडा येतो तो पेशंट हलला की चुकतो. आणि पहिली लघवी पिशवीत उजेडाला धरून बघायची. लहान दवाखान्यांत तासाभराच्या आत पेशंट जिन्यानं वर खोलीत नेतात आणि मग फक्त नातेवाईक जवळ असतात, ते मला फार खटकतं. तो तास तरी नजरेखाली राहिला पाहिजे.

पूर्णाकाठ, जिंतूर

मॅडम, सिस्टर, डॉक्टर, सगळ्यांचे आभार. दवाखान्यातून भुलीचा कागद मागून आणला. त्यात स्कोलीन आहे आणि आयसोफ्लुरेन आहे. मायला आणि मोठ्या आत्याला खोदून विचारलं, घराण्यात भुलीत कुणी दगावलेलं नाही. मग लेकराला भीती नाही, असं समजू का? अजून एक सांगायचं राहिलं. आमचे वडील आणि माय हे आते-मामे भावंडं आहेत, आणि भावाचंही मामाच्या मुलीशी ठरलंय.

भूलतज्ज्ञ, लातूर

नाही गुरुजी, तसं समजू नका. कित्येकांच्या घरात असा मृत्यू ऐकिवात नसतो, कारण मागच्या पिढ्यांना भूल मिळालेलीच नसते. हा दोष आई किंवा बाप, एकाकडूनही येतो आणि प्रत्येक अपत्यात उतरायची शक्यता निम्मी असते. आई-वडील नात्यातले, म्हणजे तो कुठल्या बाजूनं आला हे तुम्ही सांगू शकणार नाही. म्हणून तुमच्या चुलत आणि मामे, दोन्ही बाजूंना कळवा. होणाऱ्या वहिनींच्या घरीसुद्धा. लग्न मोडायचं काहीच कारण नाही, फक्त त्यांच्या घरात कुणाचं ऑपरेशन निघालं तर डॉक्टरांना ठाऊक हवं.

१९६० साली मेलबर्नला डेनबरो नावाच्या डॉक्टरकडं पाय मोडलेला २१ वर्षांचा मुलगा आला. तो पायापेक्षा भुलीला जास्त भ्यायला होता, कारण घरातले दहाजण ईथर दिल्यावर गेले होते. डेनबरोंनी त्याचं ऐकून घेतलं. हॅलोथेन दिल्यावर त्याला तेच सुरू झालं, पण सगळे सावध होते, वायू थांबवला, बर्फात ठेवला, मुलगा वाचला. हा आजार वैद्यकाला घराण्याचा म्हणून ठाऊक झाला तो त्या मुलाच्या सांगण्यावरून. तेव्हा तुम्ही जे सांगाल त्याला वजन आहे.

तपासणी करायची तर भावापासून. आरवायआर१ ची जनुक चाचणी रक्तावर होते. पुण्या-मुंबईच्या जनुकतज्ज्ञांना कार्ड दाखवा. भावात ओळखीचा दोष सापडला तर मग लेकराची आणि बहिणीची साधी तपासणी करता येते. भावात काहीच सापडलं नाही तरी तो मोकळा होत नाही, कारण सगळे दोष अजून ओळखीचे नाहीत. स्नायूचा ताजा तुकडा काढून कॅफिन आणि हॅलोथेननं पारखायची चाचणी आहे, पण ती मोजक्या केंद्रांतच होते.

लेकराचा हर्निया चाचणीविनाही सुरक्षित होतो. त्याला दोष आहे असं धरूनच भूल द्यायची: वायू नाही, स्कोलीन नाही. केटामाईन, प्रोपोफॉल, फेंटानिल, कमरेतून किंवा शेपटीच्या हाडाजवळून दिलेलं बधिरतेचं इंजेक्शन, हे सगळं चालतं. दिवसाची पहिली केस लावायची. मशीनचे व्हेपोरायझर काढून, श्वासाच्या नळ्यांचं नवीन सर्किट आणि कार्बन डायऑक्साइड शोषणारा नवीन सोडालाइम घालून ऑक्सिजननं मशीन धुवावं लागतं. किती वेळ ते मशीनवर ठरतं, काहींना तासाच्या वर लागतो. त्याआधी डँट्रोलीन पाजायची गरज नसते, पण ते कुठं आहे हे ठाऊक असलेल्या मोठ्या ठिकाणी करा. हर्निया अडकलेला नसेल तर थोडं थांबायला हरकत नाही. मात्र तो फुगून कडक झाला, लेकरू उलट्या करायला लागलं, तर थांबू नका, कागद घेऊन निघा.

बहिणीचं सोपं आहे. सिझर लागलं तर मणक्यातून भूल द्यायची, ती औषधं पूर्ण सुरक्षित आहेत. प्रश्न येतो तो अचानक पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर. म्हणून आठव्या महिन्यातच त्यांना भूलतज्ज्ञांकडं नेऊन फाईलवर लिहून घ्या.

आणि भावाला या वर्षी भर उन्हात मेहनतीचं काम देऊ नका. असा दोष असलेल्या काहींना उन्हातल्या कष्टानंही स्नायू फुटायचा त्रास होतो. मांड्या दुखून लघवी गडद झाली तर लगेच सीपीके आणि पोटॅशियम तपासा.

कार्डावर एवढं लिहून, लॅमिनेट करून त्याच्या आधारकार्डाबरोबर ठेवा, आणि घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये त्याचा फोटो असू द्या: 'मॅलिग्नंट हायपरथर्मिया, सक्सिनिलकोलीन आणि आयसोफ्लुरेननंतर, भूल संपल्यावर अर्ध्या तासात सुरुवात, सीपीके ३८,०००. स्कोलीन आणि भुलीचे सर्व वायू वर्ज्य. रक्ताच्या नातेवाइकांनाही हेच लागू.' नायट्रस ऑक्साइड चालतो, तो या वायूंत धरू नये, हेही खाली लिहा. भुलीचा कागद आणि एबीजी स्कॅन करून मला व्यक्तिगत संदेशात पाठवा. हर्नियाची तारीख घेण्याआधी तिथल्या भूलतज्ज्ञांशी मी स्वतः बोलेन.